पहिली मूठ घरची

कल्याणराम रावांचा आवाज कुंभकोणमच्या बसस्टँडवर एकतीस वर्षं गाजला. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले राव तिथे टाइमकीपर होते. "नाचियार्कोविल्, नाचियार्कोविल्, निघाली!" अशी त्यांची हाक आली की ड्रायव्हर अर्धी कॉफी तशीच टाकून उठायचा. हाच आवाज दर एकादशीला पहाटे मेलकावेरीच्या गल्ल्यांतून विठ्ठलाचं नाव घेत फिरायचा, आणि रिटायर झाल्यावर तर रोज. उजव्या खांद्याला उपरण्यात बांधलेलं पितळी पात्र, हातात चिपळ्या, अनवाणी पाय. सहा फुटांचा ताठ माणूस. दारोदार भजन म्हणत जायचं, लोक मूठमूठ तांदूळ पात्रात घालतील ते घ्यायचे, घरी आणून त्याचाच नैवेद्य करायचा आणि तेवढंच खायचं. ही उंछवृत्ती त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आलेली.

या घराची एक रीत होती. पात्र उंबऱ्याबाहेर रिकामं जात नसे. पहिली मूठ घरच्या बाईनं घालायची, मग बाहेरच्यांनी. मीनाक्षीबाई ती मूठ तीस वर्षं घालत आल्या. बाई बुटक्या. रावांचा खांदा त्यांच्या डोक्यावरून वर. टाचा उंचावून, हात ताणून घालायच्या, आणि दोनचार दाणे हमखास रावांच्या मानेवर सांडायचे.

"नीट घाल ना गे," राव समोरच्या घड्याळाकडे बघत म्हणायचे. "पांच वाजून गेले."

"पांच वाजलेत तर वाजूं द्या. विठोबाची बस काय सुटून जाते?"

राव तोवर अंगण ओलांडून गेलेले असायचे.

तर असे हे राव त्रेसष्टाव्या वर्षी परदेशी निघाले. रियुनियन म्हणून एक बेट आहे, समुद्राच्या पार, राज्य फ्रेंचांचं. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी आपल्या तमिळ मुलुखातली माणसं उसाच्या मळ्यात राबायला तिथे गेली आणि तिथलीच झाली. त्यांच्यातल्या काहींनी एका गावात विठ्ठलाचं छोटं देऊळ बांधलं होतं, पण भजन शिकवायला कोणी नव्हतं. कुंभकोणमच्या भजनमठाकडे विचारणा आली. मठाचे म्हातारे शंकरनारायण भागवतर म्हणाले, "कल्याणरामा, तूं जा. वर्षभर नामाची सेवा कर."

मठातून परदेशी जाणारे राव पहिलेच. हार काय, फोटो काय. निघताना भागवतरांनी एकच गोष्ट सांगितली.

"तिथें पण उंछवृत्ती सोडूं नको. लोक घालतील तेंच खा. एक महिना बघ. महिनाभर कोणी कांहीं घातलं नाही, तर त्या गांवास तुझी गरज नाही समज आणि परत ये. त्यांत लाज नाही."

राव हो म्हणाले. मनात मात्र म्हणाले, परत? या गळ्यात हार घालून पाठवलंय, तो माणूस परत येतो होय!

आषाढात ते पोचले. तिकडे त्या वेळी थंडी. पहाटे भुरभुर पाऊस, दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये रंगीत पत्र्याची घरं. रावांना वाटलं होतं, तमिळ वंशाची माणसं, तमिळमध्ये चार शब्द तर बोलतील. कोणालाच येत नव्हतं. नावंही अशी, पुढचं फ्रेंच आणि मागचं गावाकडचं. देवळातल्या लोकांनी मागची खोली दिली, नैवेद्यासाठी तांदळाचं मोठं पोतं आणून ठेवलं, हात जोडले आणि आपापल्या नोकऱ्यांवर गेले. रविवारी येऊ म्हणाले.

पहिल्या पहाटे आंघोळ करून राव पात्र घेऊन उंबऱ्याशी उभे राहिले आणि सवयीनं थांबले. मागून कोणी आलं नाही. मग त्यांना आठवलं, इथं मूठ घालणारं कोणी नाही. रिकामं पात्र तर न्यायचं नाही. क्षणभर विचार करून त्यांनी देवाच्या पोत्यातली एक मूठ स्वतःच पात्रात टाकली आणि निघाले.

बेट बिचारं गोंधळलं. कोणी खिडकीतून पाहिलं, कोणी कुत्र्याला आवरलं, एका बाईनं लांबलचक पाव पुढे केला. राव हात जोडून नको म्हणाले, कच्चा तांदूळच घ्यायचा नेम. पण हे तिला सांगणार कसं? ती पाव घेऊन आत गेली. राव परत आले, ती एक मूठ शिजवली आणि ताक नाही, लोणचं नाही, तशीच गिळली.

तिसऱ्या दिवशी पोटात खड्डा पडला आणि मुठीच्या दोन झाल्या. पाचव्या दिवशी चार. त्यातून मठाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारणा सुरू झाली: अण्णा, आजचं पात्र दाखवा! सहाव्या पहाटे रावांनी पात्र गळ्यापर्यंत भरलं, दिव्यापुढे ठेवून फोटो काढला आणि पाठवून दिला. सत्तर माणसांनी हात जोडले. मग रोजच भरलं पात्र, रोजच फोटो. तेच जड पात्र खांद्याला लावून, मान वर करून, गावातून खड्या आवाजात फिरून यायचं. आता कोणी पाव घेऊनसुद्धा पुढे येईना. रविवारी देवळातली माणसं आली, तीही भरलं पात्र बघून निश्चिंत परत गेली.

पोट भरू लागलं, पण भजनाला बसले की देवाकडे बघवेना. ही उंछवृत्ती नव्हे, चोरी आहे, आणि तीही त्याच्याच पोत्यातली, हे त्यांना कळत होतं. रात्री ठरवायचे, उद्या सांगून टाकू. सकाळी फोटो जायचा.

सतरावा दिवस. मीनाक्षीबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या डांगर पचडीसाठी उडदाचं पीठ कालवत होत्या. फोन फळीवर उभा, दिसत होतं ते अर्धं कपाळ.

"जेवलेत कीं?"

"हो गे. पात्र भरलंच होतं. फोटो बघितला नाहीस?"

"बघितला." पिठातली बोटं थांबली. "एक विचारूं? त्या गांवांत सगळ्या घरीं एकच तांदूळ शिजतो?"

रावांची नजर कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेली.

"इथें तुम्ही आणता त्यांत पोन्नी असतो, उकडा असतो, रेशनचा जाडा असतो, कोणाच्या घरचा लाल पण असतो. तीस वर्षें मीच निवडते. त्याचा भात कधीं एकसारखा शिजला? अर्धा गिचका, अर्धा टणक. तुमच्या फोटोंतले दाणे बघा, एका आईचीं लेकरं."

"मीनाक्षी..."

"सरि, सरि, राहूं द्या. मला सांगूं नका. ज्यास सांगायचं त्यास सांगा." आणि फोन ठेवण्याआधी, एकदम मऊ आवाजात, "उपाशी राहिलेत न हो?"

त्यावर मात्र रावांना रडूच आलं. एवढा थोर माणूस, देवळाच्या मागच्या खोलीत पोत्याला टेकून लहान पोरासारखा रडला. मग उठून त्यांनी पात्र धुतलं, चिंचेनं घासलं, पालथं ठेवलं. भागवतरांना निरोप बोलून पाठवला. सगळं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही. "उद्यां एकदां रिकामं पात्र घेऊन निघतों. रिकामं आलं तर तिकीट काढतों."

दुसऱ्या पहाटे जन्मात पहिल्यांदा ते रिकामं पात्र घेऊन उंबऱ्याबाहेर पडले. चालताना पात्र खांद्याच्या हाडावर आपटून पोकळ वाजत होतं. त्याची लाज वाटून त्यांनी भजन वर उचललं, पण आवाज बसस्टँडवाला निघेना. बारीक, थरथरता निघाला. मान खाली.

शेजारच्या निळ्या पत्र्याच्या घराच्या फाटकाशी एक म्हातारी उभी होती. सोलांज वीरापेन तिचं नाव. अंगात फुलाफुलांचा झगा, पायांत रबरी बूट, हातात बिस्किटांचा जुना डबा. ती रोजच तिथे उभी असायची; राव रोज मान वर करून तिच्यासमोरून गेले होते. आज तिनं हात आडवा केला, पात्राचा पोकळ आवाज कान देऊन ऐकला आणि हसली. तोंडात चारच दात.

"सामी," ती म्हणाली. स्वामी या अर्थाचा हा एवढा एकच शब्द तिला गावाकडचा येत होता. बाकी तिची बेटावरची क्रेओल बोली आणि रावांची या दोन आठवड्यांत पुस्तकातून शिकलेली मोडकी फ्रेंच यांनी हाताच्या खुणांच्या आधारानं जे काय सांगितलं ते असं. तिच्या आजीची आजी आपल्याकडून आली. चूल पेटवण्याआधी ती एक मूठ तांदूळ वेगळा काढायची. का, ते तिनं मुलीला सांगितलं की नाही कोण जाणे. मुलीनं काढला, नातीनं काढला. सोलांजही साठ वर्षं काढत होती. महिनाअखेर डबा भरला की कबुतरांना टाकायची, कारण हा कोणाचा वाटा हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. रावांना पात्र घेऊन जाताना पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, याचा असणार.

"मग इतके दिवस घातला का नाही?" रावांनी विचारलं.

म्हाताऱ्या बाईनं कपाळाला हात लावला. "तुझं भांडं भरलेलं, कधी वाजलंच नाही! भरल्या भांड्यात कुठे घालू?"

मग तिनं मूठ भरली आणि हात वर केला. पोचेना. तिनं रावांच्या पोटावर एक चापट मारली आणि दरडावलं, "वाक!"

राव वाकले. मूठ पात्रात पडली, चार दाणे मानेवर सांडले. थंडगार दाणे. रावांचं मन एकदम मेलकावेरीच्या उंबऱ्यावर गेलं. तीस वर्षं कोणीतरी टाचा उंच करून उभं होतं आणि आपण घड्याळ बघत होतो.

त्या दिवशी सोलांजबाईच पुढे झाल्या. फाटकाफाटकाशी थांबून लोकांना ओरडून सांगत गेल्या. सहा घरांनी तांदूळ घातला, प्रत्येक घरचा निराळा. ग्रुपवर फोटो गेला: पात्राच्या तळाशी जेमतेम सात मुठी, दाणे लांब, आखूड, पांढरे, तांबूस. खाली भागवतरांचा निरोप आला, "महिना आजपासून मोज."

महिना झाला, वर्ष झालं. शिकवायला गेलेले राव त्या गावात पंचवीस-तीस जणांना टाळ धरायला शिकवून आले, पण आपण काय शिकवलं हे ते कधी सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "मी पोंचण्याआधीं साठ वर्षें माझा वाटा काढून ठेवला होता विठोबानं. मी काय नेलं तिथें?"

घरी आल्यानंतरची पहिली पहाट. आंघोळ झाली, पात्र खांद्याला लागलं. मीनाक्षीबाई तांदळाची वाटी घेऊन आल्या, मूठ भरली आणि सवयीनं टाचा उचलल्या. पाहतात तो खांदा त्यांच्या छातीपाशी आलेला. राव उंबऱ्यात गुडघे मोडून, मान खाली घालून थांबले होते.

"अय्यो, काय झालं हो? कंबर धरली?"

"घाल गे. सावकाश घाल."

बाईंनी मूठ पात्रात सोडली. या वेळी एकही दाणा सांडला नाही. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. राव तसेच वाकून होते.

"उठा आतां," मीनाक्षीबाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "विठोबाची बस सुटते."