पाळीव घोरपड आणि खुडूक कोंबडी

घोरपड पाळता येते असं मला वाटलं, आणि तिची मर्जी राखायला मी बायकोने उबवायला ठेवलेलं अंडं तिला खाऊ घातलं.

तेव्हा मी शहागडला शिक्षक होतो. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. गावाच्या कडेला, नदीच्या बाजूने दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. पुढच्या दाराशी ट्रकांची वर्दळ, मागच्या दाराशी दगडांचा ढीग, वेड्या बाभळी आणि पुढे गोदावरीपर्यंत उतार. लग्न नवं होतं. उन्हाळ्यात बायको माहेरी, धावड्याला गेली आणि मी हाताने स्वयंपाक करायला लागलो. म्हणजे अंडी उकडायला लागलो. त्यातलं एक नासकं निघालं म्हणून मागच्या दारातून फेकलं, तर दगडांवरून एक घोरपड उतरली.

आधी मला ती मगरच वाटली. नदी जवळ, त्यामुळे तसं वाटण्यात काही चूक नव्हती. चूक एवढीच की मी ओरडत पुढच्या दाराने रस्त्यावर आलो आणि एका ट्रकवाल्याला सांगितलं. तो खाली उतरला, आत डोकावला आणि "घोरपड है भाई" एवढं म्हणून निघून गेला. जाताना हसला नाही, हे त्याचे उपकार.

मग मी दाराच्या फटीतून नीट पाहिलं. जुन्या पखालीसारखं कातडं, गळ्याखाली सैल लोंबती पिशवी, आणि चाल कशी, तर कचेरीत ओळख असलेला माणूस रांग सोडून पुढे जातो तशी. घाई नाही, पण थांबणंही नाही. तिने ते अंडं तोंडात धरलं, मान वर केली आणि गिळलं. गळ्यातून ते खाली सरकताना दिसत होतं. माझ्या हातचं इतक्या समाधानाने खाणारं त्या उन्हाळ्यात दुसरं कुणी भेटलं नव्हतं. मी स्वतःसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी चांगलं अंडं दिलं. मग रोजच. अंडं ठेवायच्या आधी मी पितळेच्या ताटलीवर चमचा वाजवायचो आणि ती यायची. चार-आठ दिवसांत माझी खात्री झाली की ती मला ओळखते. दार उघडलं की पळत नाही, जीभ बाहेर काढून माझ्याकडे बघते, याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. शाळेत सांगत सुटलो की मी घोरपड माणसाळवली. आमचे हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, अगोदर चौथीचा वर्ग माणसाळवा."

या सगळ्यात बायको परत आली.

ती आली ते मांडीवर एक डबा घेऊन. धावड्याहून भोकरदन, भोकरदनहून जालना, तिथून अंबड आणि मग शहागड, अशा एस.टी. बदलत ती आली आणि सबंध प्रवासात तो डबा तिने खाली ठेवला नाही. कंडक्टर म्हणाला, "बाई, डबा खाली ठेवा, माणसाला जागा द्या," तर ही म्हणाली, "मी खाली बसते, डबा वर राहू द्या." डब्यात ज्वारी होती आणि ज्वारीत अंडी.

माझ्या सासूबाईंच्या कोंबड्या त्या भागात नावाजलेल्या. असील जातीच्या, उंच मानेच्या, कोंबडा तर उभा राहिला की चिडलेल्या फौजदारासारखा दिसायचा. त्या उन्हाळ्यात मानमोडीचा रोग आला आणि सगळा खुराडा साफ झाला. रोग यायच्या आधीची एवढीच अंडी राहिली होती. सासूबाईंनी ती लेकीच्या हवाली केली. आपल्याकडे बसवायला कोंबडी उरली नाही, तू तुझ्याकडे बसव, एवढंच सांगितलं. यातून पिल्लं निघाली तर वाण राहिला, नाही तर संपला. बायकोने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज जरा वेगळा झाला होता. मी "हो, हो" म्हटलं आणि मनात धरलं की आता घरात अंडी आहेत.

आमच्याकडे कोंबडी नव्हती. शेजारच्या मावशींकडे एक होती आणि ती नेमकी खुडूक झाली होती. म्हणजे अंडी द्यायची थांबून दिवसभर फुगून बसायची, जवळ जाईल त्याला टोचायची. मावशींनी ती अर्धलीनं दिली. कोंबडी त्यांची, अंडी आमची, निघतील ती पिल्लं निम्मी-निम्मी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टोपल्यात भुसा घातला, विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला, अंडी मांडली आणि कोंबडी बसवली.

मग बायकोला माझ्या ताटलीची हकिकत कळली.

"घोरपडीला अंडी चारून राह्यले तुम्ही? घरात कोंबडी बसवलीय अन् दारात घोरपड?"

"ती आपली आहे," मी म्हणालो. "मला ओळखते."

"तुम्हाला न्हाई, अंड्याला ओळखते ती. उद्यापासून ह्या घरात दुसरं एक अंडं येणार न्हाई. अन् मागचं दार बिलकुल उघडं ठेवायचं न्हाई."

मी कबूल केलं. पाळलंही. पण शाळेत केलेली बढाई मागे घ्यायची राहून गेली. एका रविवारी बायको आणि मावशी धुणं घेऊन नदीवर गेल्या होत्या, तेव्हा हेडमास्तर आणि कवायतीचे गुरुजी दोघं दारात उभे. "चला, दाखवा तुमची घोरपड."

मी मागचं दार उघडलं. ताटली वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. दगडांवर एक सरडा होता तोही गेला. कवायतीचे गुरुजी म्हणाले, "सर, घोरपडीला रविवारची सुट्टी असंल." हेडमास्तर हसले. ते कधी हसत नसत, म्हणून ते हसणं फार लागलं.

मी स्वयंपाकघरात गेलो. कोंबडीने मनगटावर टोचलं, तरी तिच्या पोटाखाली हात घातला आणि एक अंडं काढलं. संध्याकाळी धाब्यावरून एक कच्चं आणून तिथे ठेवू, अंडं ते अंडं, असा माझा विचार होता. धाब्यावरच्या अंड्यातून फक्त ऑम्लेट निघतं, हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही.

अंडं ठेवलं आणि ती आली. काय डौल! दोन पाहुण्यांसमोर मान वर करून गिळलं. कवायतीच्या गुरुजींनी टाळी वाजवली. मी जरा वाकून मान तुकवली, जणू ते मीच गिळलं होतं. आणि वाकलेला असतानाच ती माझ्या पायांशेजारून आत गेली.

थेट कोपऱ्यात. कोंबडीचा असा काही भडका उडाला की भुसा आढ्याला लागला. दोन्ही पाहुणे बाजेवर चढले. कवायतीचे गुरुजी आधी. मी काय केलं? मी ताटली वाजवली. "ये, ये," असं लाडाने म्हणालो. घोरपडीचं तोंड टोपल्यात होतं आणि शेपूट माझ्याकडे. त्या शेपटीचा एक फटका बसला आणि माठ फुटला.

तेवढ्यात बायको आणि मावशी आल्या. बायको ओरडली नाही. खांद्यावरचं पिळलेलं ओलं लुगडं तिने टोपल्यावर टाकलं आणि स्वतः त्या टोपल्यावर ओणवी झाली. घोरपड मागे सरली, दाराकडे वळली, तर दारात मावशी खराटा घेऊन उभ्या. घोरपडीला चढायला काहीतरी उभं हवं होतं. घरात सगळ्यात निश्चल उभा होतो मी.

पायजम्यावरून, सदऱ्यावरून, पाठीवर. चारी पंजे रोवले आणि हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली. कानाशी फुस्स असा श्वास. नख्या सदरा ओलांडून आत पोचल्या होत्या. घोरपडीला दोर बांधून माणसं किल्ल्याच्या भिंती चढायची, ती पकड सुटत नाही, ही गोष्ट मी वर्गात रंगवून सांगत असे. ती खरी असावी असं वाटू लागलं.

"हालू नका मास्तर," मावशी म्हणाल्या. "भिंत व्हा."

"सर, दोर आणू का?" बाजेवरून कवायतीचे गुरुजी.

हेडमास्तर डोकं चालवणारे. ते बायकोला म्हणाले, "ताई, एक अंडं दाखवा. जमिनीवर ठेवा. ती उतरंल."

बायकोने लुगड्याखाली हात घालून चाचपलं. "दोन खाल्ली भाडखाऊनं... अन् हे तिसरं कुठं गेलं?"

"तिसरं सरांनी दिलं," कवायतीचे गुरुजी म्हणाले. विचारलं नसताना.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी भिंत असल्यामुळे मान खाली घालू शकत नव्हतो.

"अगं, एकच ठेव," मी ओठ न हलवता म्हणालो. "फाडून राह्यली ती मला."

"न्हाई."

"एक अंडं गं!"

"एक बी देणार न्हाई. हे आईचं हाय."

"अन् त्यात आमची निम्मी," मावशी म्हणाल्या. "मी तर माझ्या वाट्याचं बिलकुल देणार न्हाई."

अशा रीतीने दोन्ही भागीदारांचं एकमत झालं. हेडमास्तरांना त्याच वेळी शाळेचं काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं आणि ते पुढच्या दाराने गेले. मावशींनी मागच्या दारातून बाजूला होऊन वाट मोकळी केली. तरी घोरपड उतरेना. माझ्या पाठीवर तिला बरं वाटत असावं. मी उभा. घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून खाली. बायको टोपल्यापासून तसूभर हलली नाही.

सोडवलं शेवटी कोंबडीने. चुलीमागे दडलेली ती खुडूक कोंबडी पिसं फुगवून बाहेर आली आणि तिने माझ्या पायाच्या अंगठ्यावर चोच हाणली. घोरपडीला नव्हे, मला. तिच्या हिशेबात चोर मीच असणार, आणि तिचा पुरावा पक्का होता. मी उडालो, पाठीवरचं ओझं धपकन पडलं आणि मागच्या दारातून सरसरत बाभळीत गेलं.

आता कोंबडी पुन्हा बसते की नाही हा प्रश्न होता. एकदा बिथरली की सोडून देते. बायकोने अंडी कोरडी पुसून मांडली, दारं लावली, अंधार केला आणि मला बाहेर काढलं. माझ्या पाठीला मावशींनी हळद लावली, तीही बाहेरच, ओट्यावर. आत सारं गप्प होतं. मला पाठीपेक्षा त्या शांततेचीच जास्त भीती वाटत होती. ऊन उतरायला लागलं तेव्हा बायकोने दार जरासं उघडलं. "बसली," म्हणाली, आणि पुन्हा लावून घेतलं.

पिल्लं निघाली. सगळ्या अंड्यांतून नाही, पण वाटणी करण्याइतकी निघाली. त्यात एक जन्मल्यापासूनच मान ताणून उभं राहायचं. खबर धावड्याला गेली आणि सासूबाई आल्या. आमच्या लग्नापासून त्या माझ्याशी थेट कधी बोलल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, लेकीकडे बघत, "त्यांना म्हणावं, चहा घ्या" असं चालायचं. त्यांनी ते उंच मानेचं पिल्लू तळहातावर घेतलं आणि बराच वेळ बघत बसल्या.

वातावरण बरं आहे असं पाहून मी माझं गाऱ्हाणं घातलं. जरा हसत, जरा खरंच. "तुमच्या लेकीने नवरा सोडला, पण अंडं सोडलं न्हाई. एक ठेवलं असतं तर माझी पाठ वाचली असती."

सासूबाईंनी पिल्लू लेकीच्या ओंजळीत दिलं, पदर मागे केला आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बराबर केलं तिनं. अंड्यातून कोंबडा तरी निघाला. तुमच्यातून काय निघणार व्हतं, जावईबापू?"