ऑपरेशन नको म्हटलं म्हणून

ललितनं आपल्या मोठमायला, म्हणजे थोरल्या काकूला, गजराबाईंना, जिवंतपणीच पोचवलं, तेही फोनवरून.

छातीतल्या गाठीचे रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "आत्ता ऑपरेशन नको." गजराबाई तेव्हा तपासणीला रक्त द्यायला आत गेलेल्या. पुढचं ऐकायच्या आत ललित बाहेर येऊन गावी, लोणखेड्याला, कळवून मोकळा. ऑपरेशन नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असाच लोणखेड्यात अर्थ. दोघं घरी पोचले तर ओटा भेटायला आलेल्या माणसांनी भरलेला. तीन दिवसांत एकोणीस घरं येऊन रडून गेली. पलीकडच्या गल्लीतल्या रुक्मिणीबाई सगळ्यांत मोठ्यानं रडल्या आणि आठवण म्हणून गजराबाईंचं जांभळं लुगडं मागून घेऊन गेल्या.

गजराबाईंनी चार एकर पपई एकटीनं सांभाळलेली. व्यापारी त्यांच्यासमोर वजनात काटा मारायला धजत नसे. त्यांनी नवऱ्याला, हिंमतरावांना, समोर बसवून पपई शिकवायला घेतली. "वायरस दिसना की झाड उपटी टाका. दया करानी नही." हिंमतराव मान हलवत आणि डोळे पुसत.

हॉस्पिटलनं दिलेली सलाईनची तारीख आली तर बाई जागच्या हलेनात. "मरानंच शे ते पपईना तोडा करीसन मरसू."

ललित घाबरला. त्यानं ओळखीच्या, चिंचपाड्याला कॅन्सर वॉर्डात नर्स असलेल्या प्रिस्किलाला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"मावशी, गाठ लहान असती तर आधीच ऑपरेशन केलं असतं, कधीकधी नुसती गाठ काढून, किरणांचा शेक देऊन भागतं. तुमची मोठी आहे, काखेतही उतरलीय. म्हणून आधी सलाईनमधल्या औषधानं लहान करायची, मग ऑपरेशन, मग शेक."

"आनि आंगभर पसरनी ऱ्हाती ते?"

"तरी औषधं असतात. त्यांच्यावर वर्षंही काढतात लोक. पण तुमची पसरलेली नाही, बरी करायलाच बोलावलंय."

गजराबाई ललितकडे वळल्या.

"म्हंजे माले डॉक्टरनी नही, तू मारी टाकं."

"चुकनं, मोठमाय."

"माले नको सांगू. जितला घरे रडी ग्यात, तितला घरे जाय. सांग, मन्हंच चुकनं."

चार सलाईन झाल्या. केस गेले, जेवण कडू लागतं, पण लिंबाएवढी गाठ बोराएवढी झाली. ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे. पुढचं काय ते त्यानंतर कळेल, असं प्रिस्किला म्हणते. बाईंनी डोक्याला टॉवेल गुंडाळून परवाच व्यापाऱ्याला बांधावरून परत पाठवलं.

ललितची एकोणिसांतली अठरा घरं झाली. प्रत्येक घरी चहा आणि टोमणे मिळाले. "जासू ना मोठमाय, सोमवारना आगोदर," असं तो रोज म्हणतो, आणि रुक्मिणीबाईंची गल्ली टाळून मागच्या रस्त्यानं शहाद्याला जातो.