दीपलक्ष्मीच्या हातातला अलाबामाचा किडा

"गौरव, तुझं अलाबामा किती वेळात उरकेल? मला नंतर कॉल आहे."

कुलकर्णी मॅडम आमच्या टीमच्या हेड. मूळच्या पुण्याच्या, आता सिंगापुरातल्या सेंगकांगच्या. अख्खं अमेरिकन राज्य जेवणाच्या सुट्टीआधी उरकायची त्यांची तयारी होती.

मी म्हटलं, "मॅडम, इतिहास थोडा लांब आहे."

"इतिहास थोडक्यात घे. संस्कृती नीट सांग. बाई परवा येतायत."

बाई म्हणजे मिस डार्लीन. अलाबामातल्या एका शेंगदाण्याच्या कंपनीच्या मॅनेजर. तिकडे वयाने मोठ्या बाईला पहिल्या नावाआधी 'मिस' लावतात, आपण 'ताई' लावतो तसं. आमची कंपनी फ्रेट फॉरवर्डिंगची. सोप्या भाषेत सांगायचं तर जहाज आमचं नाही, माल आमचा नाही, कंटेनरही आमचा नाही. पण काही बिघडलं की फोन आम्हाला. ऑफिस हार्बरफ्रंटला. खिडकीतून जहाजं दिसतात, तेवढाच आमचा समुद्राशी संबंध.

तर मिस डार्लीनचे दाणे अलाबामाहून इकडे येतात आणि त्यांचा साते सॉस होतो. हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, काडीवर मांस भाजून देतात, त्याच्यासोबतची ती गोडसर दाण्याची चटणी. मागच्या शिपमेंटच्या दोन कंटेनरमध्ये किडे निघाले, जिवंत. आम्ही लिहिलं, किडे तुमच्या गोडाऊनमधले. त्यांनी लिहिलं, तुम्ही बुक केलेल्या कंटेनरमधले. तेव्हापासून ईमेलवर ईमेल. प्रत्येक ईमेलची सुरुवात 'विथ ड्यू रिस्पेक्ट'ने, आणि त्यापुढे रिस्पेक्ट कुठेच नाही.

आता बाई स्वतः येणार होत्या. काँट्रॅक्ट ठेवायचं की तोडायचं ते इथेच ठरणार होतं. अमेरिकेच्या डेस्कवर हा एकच मोठा क्लायंट. क्लायंट गेला की डेस्क गेला. डेस्क गेला की मी गेलो, कारण माझा एम्प्लॉयमेंट पास याच नोकरीवर आहे आणि तो रिन्यू व्हायचा होता. म्हणजे मी सिंगापूरला राहणार की वणीला परत जाऊन मामाच्या मोबाइलच्या दुकानात बसणार, हे दाण्यातल्या किड्यावर अवलंबून होतं.

मॅडमचं म्हणणं, पुणेकर थेट मुद्द्यावर येतात आणि अलाबामावाल्यांना ते आवडत नाही. त्यांना आधी हवापाणी लागतं, आई कशी आहे ते लागतं. म्हणून सगळ्या टीमला अलाबामाची ओळख करून द्यायची. कोणी? गौरवने. का? कारण त्या बाईचं बोलणं फोनवर फक्त गौरवला कळतं. मला नकला येतात. मिस डार्लीन बोलते तेव्हा प्रत्येक शब्द रबरासारखा ताणून मग सोडते. ते एकदा तोंडात बसलं की कानातही बसतं.

तर मी उभा राहिलो. नकाशा लावला.

"हे राज्य उभ्या पाटीसारखं आहे. खाली एक बारीक शेपूट. ते शेपूट समुद्राला टेकतं, तिथे मोबील नावाचं बंदर. आपले दाणे तिथून निघतात. वर उत्तरेला डोंगर, आणि एका गावात रॉकेटं बनवतात. मधे काळ्या मातीचा पट्टा. अगदी आमच्या वणीसारखी, पावसात चप्पल ठेवून घेणारी माती. तिथे कापूस."

"खाण्यापिण्याचं?"

"मक्याच्या रव्याचा सांजा सकाळी. भेंडी तळून. दाणे उकडून, मीठ लावून. चहा थंड आणि इतका गोड की डॉक्टर परवानगी देणार नाही. आणि फुटबॉल. दोन युनिव्हर्सिट्यांच्या दोन टीम. कुठली तुमची असं विचारतील. 'दोन्ही' म्हणायचं नाही. ते म्हणजे गावातल्या दोन्ही गणपती मंडळांना वर्गणी देऊन दोघांच्या शिव्या खाणं."

इतिहास सांगताना मात्र मी नकला केल्या नाहीत. मूळ लोकांना हाकलून जमीन घेतली, आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना विकत घेऊन त्यांच्याकडून कापूस वेचून घेतला, आणि पुढे याच राज्यात काळ्या लोकांनी बसमध्ये बसणंच बंद केलं, काळ्यांनी मागेच बसायचं हा बसचा कायदा बदलेपर्यंत पायी चालले. मग मॅडमनी घड्याळ बघितलं.

"आणि तिथलं एकदम खास काय? सिंगापूरचा कसा सिंहाच्या डोक्याचा मासा, तसं?"

मी म्हटलं, "किड्याचा पुतळा आहे, मॅडम."

"चेष्टा करू नकोस."

"आईशप्पथ. कापसाचं बोंड पोखरणारा सोंडवाला भुंगा आला. सगळं पीक खाल्लं. मग तिथल्या लोकांनी कापूस सोडून दाणे लावले आणि पैसेवाले झाले. म्हणून एका गावाने चौकात पुतळा बांधला. एक बाई दोन्ही हात वर करून उभी, आणि तिच्या हातात किडा. आमच्याकडे बोंडअळीला नुसत्या शिव्या देतात."

मॅडमचे डोळे चमकले. मराठी माणूस पाहुणा बोलावतो तेव्हा त्याचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. सिंगापूरला येऊन पंधरा वर्षं झाली तरी मॅडमच्या कपाटात दोन शाली रेडी असतात.

"स्मृतिचिन्ह हेच!" मॅडम म्हणाल्या. "बघ, त्यांना किती बरं वाटेल. आपण किती अभ्यास केलाय!"

आणि खरं सांगतो, मलाही ते एकदम बरोबर वाटलं. अख्ख्या टीमला वाटलं. किड्याची भानगड 'क्लेम' नावाच्या फोल्डरमध्ये होती. हा किडा संस्कृतीचा होता. दोन वेगळे डिपार्टमेंट.

दुसऱ्या दिवशी मी लिटिल इंडियाला गेलो. हात वर केलेली बाई कुठेच मिळेना. शेवटी पूजेच्या सामानाच्या दुकानात पितळेची दीपलक्ष्मी घेतली, दोन्ही हातांत दिवा धरलेली. समोरच्या मोठ्या दुकानाच्या खेळण्यांच्या मजल्यावर प्लास्टिकचा भुंगा मिळाला. फेव्हिक्विकने दिव्यात बसवला. जरा मोठा झाला. लक्ष्मी किड्याला आंघोळ घालतेय असं दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, "भावना पोचल्या पाहिजेत."

मीटिंगचा दिवस. मिस डार्लीन आल्या. साठीच्या, काळ्या, उंच, मोत्यांची माळ, हातात जाड फाईल. आमच्याकडून मॅडम, मी आणि मिस्टर टान. टान म्हणजे ऑपरेशन्सचे बॉस, इथलेच. क्लेमचं फोल्डर त्यांचं. सत्काराची त्यांना कल्पना नव्हती.

सुरुवात फारच छान झाली. हवा झाली. त्यांच्या आईचे गुडघे झाले. आमच्या टीमच्या पोरांनी दाराशी उभं राहून "मोबील बंदर फार सुंदर आहे" असं एकेकाने सांगितलं. बंदर कोणीच पाहिलेलं नव्हतं. मग मॅडमनी शाल घातली. नारळ दिला. बाईंनी तो हलवून बघितला. मग मी स्मृतिचिन्हावरचं फडकं काढलं.

बाई बघत राहिल्या. किडा बाईंकडे बघत राहिला.

टानसाहेब माझ्या कानाशी आले. "गौरव. व्हाय गॉट इन्सेक्ट?"

"सर, कल्चर."

"आयाह! किड्याची कंप्लेंट आहे, तू किडा प्रेझेंट करतोस? तिला वाटेल आपण सांगतोय, तुझाच किडा, घे परत, लाह!"

त्या क्षणी दोन्ही डिपार्टमेंट माझ्या डोक्यात एकत्र आले. मॅडमच्याही आले असावेत, कारण त्या एकदम खुर्चीत बसल्या. मला मामाचं दुकान दिसायला लागलं. स्क्रीनगार्ड चिकटवायला बुडबुडा न येता जमेल का, याचा मी विचार करत होतो.

मिस डार्लीननी चष्मा लावला. मूर्ती उचलली. किड्याची सोंड बोटाने दाबून बघितली.

"माझी पणजी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायची," त्या सावकाश म्हणाल्या. "ती सांगायची, आमच्या मालकांना आमच्याआधी या किड्याने हरवलं." मग माझ्याकडे बघितलं. "पण पोरा, हा कापूस खातो. शेंगदाण्याला तोंड लावत नाही. माझ्या दाण्यात कोणता होता?"

मी टानसाहेबांकडे बघितलं, टानसाहेबांनी मॅडमकडे, मॅडमनी नारळाकडे. एवढ्या ईमेलमध्ये सगळीकडे 'लाइव्ह इन्सेक्ट्स' एवढंच लिहिलेलं. त्यांच्याही, आमच्याही. किडा कोणाचा यावर भांडलो. किडा कोणता हे कोणी विचारलंच नव्हतं.

"सॅम्पल असेल ना?" बाई म्हणाल्या.

सॅम्पल होतं. टानसाहेबांच्या कपाटात, सीलबंद बाटलीत. ते घेऊन आले. आतमध्ये बारीक काळपट दाणे पडल्यासारखे किडे, आता मेलेले. बाईंनी बघितले, ओळख पटेना. टानसाहेब म्हणाले, लॅबला पाठवू. तेवढ्यात मॅडमनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि मराठीतच ओरडल्या.

"अगंबाई! हे तर सोंडे! तांदळातले!"

"व्हॉट शी सेइंग?" टानसाहेब.

"सर, तांदळाला लागतात ते किडे. मॅडम दर महिन्याला निवडतात."

"निवडते कसली, कडुनिंबाचा पाला घालते," मॅडम म्हणाल्या. मग इंग्रजीत बाईंना समजावलं. हा किडा तांदळात, गव्हात अंडी घालतो. शेंगदाण्यात त्याचं पोट भरत नाही. तुमच्या गोडाऊनला तांदूळ आहे का? नाही. आमच्याकडे तर गोडाऊनच नाही. मग तांदूळ कुठला?

टानसाहेबांनी लॅपटॉप उघडला. कंटेनर रिकामा मिळतो तेव्हा तो आधी काय घेऊन फिरला याचा माग काढता येतो. फोन केले, दोन-तीन ठिकाणी ओरडले. दोन्ही कंटेनरमध्ये आधीच्या खेपेला तांदूळ होता. कंटेनरचा तळ प्लायवुडचा असतो, फटीत तांदळाचे दाणे अडकतात. धुऊन द्यायचं काम कंटेनरच्या मालकाचं, म्हणजे जहाज कंपनीचं. तिने झाडू मारून दिला होता.

"म्हणजे तुम्ही नाही," मिस डार्लीन म्हणाल्या.

"आणि तुम्ही पण नाही," मॅडम म्हणाल्या.

पुढचं सोपं झालं. तिघांनी मिळून तिथेच जहाज कंपनीला ईमेल लिहिली. सुरुवात अर्थात 'विथ ड्यू रिस्पेक्ट'. लिहिताना तिघंही इतके खूश होते की टानसाहेबांनी सगळ्यांना खाली साते खायला नेलं. बाईंनी सॉस चाखला आणि म्हणाल्या, हे दाणे माझे नाहीत, माझे जास्त गोड असतात.

काँट्रॅक्ट राहिलं. माझा पासही झाला. जहाज कंपनीने उत्तर पाठवलंय की कंटेनर धुण्याचं काम त्यांनी एका यार्डला दिलं होतं, त्यामुळे यार्डला विचारा. यार्ड म्हणतंय, तांदूळवाल्यांना विचारा. लॅबचा रिपोर्ट आला. त्यात मॅडमचंच वाक्य लॅटिनमध्ये आहे, आणि यायला तीन आठवडे लागले.

यातून मी एक शिकलो. भांडण सुरू करण्याआधी ज्यावरून भांडायचं ती वस्तू एकदा बाटली उघडून बघावी. टानसाहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "बाटली सीलबंद होती, हाऊ टू ओपन?"