चहा संपेपर्यंत

अणदूरच्या फाट्यावर हैदराबादची बस येऊन थांबली, तरी आबांचा, माझ्या वडिलांचा, पत्ता नव्हता. आई होती, धाकटी बहीण वर्षा होती, माझ्या दोन बॅगा बसच्या पोटात गेल्या होत्या. हैदराबादहून रात्रीचं विमान होतं आणि दुसऱ्या दिवशी मी आयर्लंडला पोचणार होते. कंडक्टरनं घंटी मारायला दोरीला हात घातला आणि समोरून मोटरसायकल आली. आबांच्या शर्टाची उजवी बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली होती. हात ओला होता, त्याला फिनेलचा आणि घोड्याचा वास होता. जवळच्या वस्तीवर एक घोडी अडली होती, शिंगरू पोटात आडवं आलं होतं. तिथूनच ते थेट फाट्यावर आले होते.

मी पुढं झाले तर ते एक पाऊल मागं सरले. दोन्ही हात अंगापासून लांब धरून म्हणाले, "हात न्हाय लावत. कपडे चांगले हायत तुझे."

आई म्हणाली, "अहो, हात तरी धुऊन यायचे!"

"धुवत बसलो असतो तर बस गेली असती की."

कंडक्टर ओळखीचा होता. त्यानं दारातूनच विचारलं, "डॉक्टर, सुटली का घोडी?"

"सुटली. शिंगरू उभं बी राहिलं."

पुढच्या बाकांवरच्या लोकांनी ते ऐकलं आणि कुणीतरी "वा!" म्हणालं. मग आबा माझ्या खिडकीखाली आले. "घाबरू नको," ते म्हणाले. "आपला देव बी दोन गावांत ऱ्हातो. तू बी ऱ्हा." बस निघाली. मागं वळून पाहिलं तेव्हाही ते हात तसेच अंगापासून लांब धरून उभे होते, उडण्याआधी पंख सुकवणाऱ्या पक्ष्यासारखे.

आमच्याकडचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला असतो आणि थोडा काळ नळदुर्गला. दोन्ही गावांत तसा करारच ठरलेला आहे. पालखी निघते तेव्हा गाव वेशीपर्यंत जातं, भंडारा उधळतं आणि घरी येऊन जेवतं. देव गेला म्हणून कुणी रडत बसत नाही, कारण तो येणार हे माहीत असतं. लहानपणी मला यात काही विशेष वाटत नसे. देवाला दोन घरं असतात, मामाला जसं शेतातलं आणि गावातलं असतं तसं.

मी आले त्या गावातही घोडे फार. डब्लिनपासून तासाभराच्या वाटेवरच्या या गावात मी सार्वजनिक ग्रंथालयात काम करते, आणि ग्रंथालयाच्या मागच्या खिडकीतून घोड्यांची कुरणं दिसतात. पहिल्या हिवाळ्यात त्या घोड्यांच्या अंगावर कोट बघितले आणि संध्याकाळी आबांना फोन केला. ते खूप हसले. "बटणं पोटाकडनं असतात का पाठीकडनं?" त्यांनी विचारलं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आले. बटणं नव्हती, छातीवर बक्कल होतं आणि पोटाखालून पट्टे. ते कळवलं तेव्हा म्हणाले, "हां, म्हंजे आपल्या बैलाच्या झुलीसारखंच की. मग ठीक हाय." परका देश त्यांच्या अशा एका वाक्यानं थोडा जवळ यायचा.

आबांचा दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं कडुनिंब आणि कडुनिंबाखाली बसायला एक पसरट दगड. गाई-म्हशींसाठी लोक सरकारी दवाखान्यात जात. आबांकडं येत ती कुत्री, मांजरं आणि घोडे. एकदा एका मास्तरीणबाईंचा पोपटही आला होता, तो आबांना चावून परत गेला. कुत्र्यांचं म्हणाल तर आमच्या गावात कुत्रं खंडोबाचं आणि घोडाही खंडोबाचा. त्यामुळं लंगडणाऱ्या भटक्या कुत्र्यालाही कुणीतरी पोत्यात घालून उचलून आणायचंच. मात्र आणण्याआधी जखमेवर मूठभर भंडारा दाबलेला असायचा. आबा चिडत नसत. जखम धुता धुता म्हणत, "भंडारा कपाळाला लावावा. देव तिथनंबी बघतो." आणि खरोखरच पट्टी बांधून झाल्यावर कुत्र्याच्या कपाळाला बोट टेकवत.

त्यांची एक रीत होती. घोडा आला की ते लगेच त्याच्याजवळ जात नसत. चहाचा कप घेऊन बाहेर येत आणि दगडावर घोड्याकडं बाजू करून बसत. डोळ्याला डोळा देत नसत. मालकाशी पावसापाण्याचं बोलत, सावकाश चहा पीत. "आपण त्याला बघायच्या आधी त्यानं आपल्याला बघावं," ते म्हणत. कप रिकामा होईपर्यंत घोड्याचे ताठ कान सैल पडलेले असत, मान खाली आलेली असे. मग ते उठत. गावात थट्टा चालायची की डॉक्टरांचा चहा संपल्याशिवाय घोड्याला मरायची परवानगी नाही. मी मात्र पुस्तक घेऊन ओट्यावर बसलेली असताना हे कितीदा पाहिलं, आणि दर वेळी पान उलटायचं विसरले. न बोलता एखाद्याचा विश्वास मिळवणं मी पुस्तकात वाचायच्या आधी तिथं पाहिलं होतं.

इथं मी शर्यतीतून निवृत्त झालेलं एक ग्रेहाउंड कुत्रं पाळलं आहे, मर्फी नावाचं. त्याला वेटकडं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडं, न्यायचं तर आधी ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो. वेटिंग रूममध्ये कुत्र्यांची बाकं वेगळी, मांजरांची वेगळी. रक्ताचा रिपोर्ट बसल्या जागी मिळतो. मी याला नावं ठेवणार नाही. इथली तरुण डॉक्टर पहिल्या दिवशी खुर्ची सोडून सरळ फरशीवर बसली आणि मर्फी तिचा बूट हुंगेपर्यंत गप्प राहिली. त्या दिवशी घरी येताना मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून थोडा वेळ तशीच बसले.

आबा गेले ते हिवाळ्यात, झोपेत. मी पोचले तेव्हा कडुनिंबाखालच्या दगडावर लोक बसले होते आणि तिथं कुणी बसावं हेच मला सहन होत नव्हतं.

वर्षा उदगीरहून जनावरांची डॉक्टर होऊन आली होती आणि काही वर्षं आबांच्या हाताखाली काम करत होती. कुत्र्या-मांजरांचं सगळं तीच बघायची, घोडे मात्र आबांचे. ते गेल्यावर कुत्री येत राहिली, घोडे यायचे थांबले. घोडेवाले सोलापूरला जाऊ लागले. तिला तोंडावर कुणी काही बोललं नाही, फक्त दारावरून घोड्यांचे टेम्पो पुढं जाताना तिला दिसायचे. फोनवर ती कधी रडली नाही. "आजबी एक गेला," एवढंच सांगायची. मग मीच पुण्यातल्या एका ओळखीच्या बाईंना विचारलं. त्यांच्या मोठ्या पेट क्लिनिकमध्ये वर्षासाठी जागा होती. आईही तयार झाली. वर्षश्राद्धाला मी आले ती दोघींना पुण्याला पोचवून, दवाखान्याला कुलूप लावून परतायचं असं ठरवूनच. दवाखान्यातलं आबांचं सामान मी स्वतः खोक्यांत भरलं. प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वरून सुतळी आवळली. पुस्तकं भरायची सवय मला होतीच.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी महबूबचाचा आले. हे नवरदेवाच्या वरातीला घोडी देणारे, आबांचे जुने स्नेही. त्यांची पांढरी घोडी रेशमा घामानं भिजली होती. पुढच्या पायानं जमीन उकरत होती आणि सारखी मागं वळून पोटाकडं बघत होती. चाचांचा वरातीतला साफाही अजून डोक्यावर होता. ते दारात थांबले. आत यावं की नाही, ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

"सोलापूरला निघालो होतो, बेटा," ते वर्षाला म्हणाले. "रस्त्यातच बसाया लागली. साहेब असते तर गोष्ट अलग होती."

त्या एका घोडीवर चाचांचं घर चालत होतं, आणि तीही त्यांच्या घरचीच होती. त्यांच्या नातवंडांची नावं मला आठवत नाहीत, रेशमाचं आठवतं.

मला वाटलं, वर्षा आता चहा टाकायला सांगेल. आईनं तर सवयीनं आधीच टाकला होता. आबांचा कप घेऊन ती बाहेर आली. वर्षानं तो घेतला आणि चाचांच्या हातात दिला. "चाचा, आज चहा तुम्ही प्या," ती म्हणाली. त्यांच्या हातातली दोरी काढून घेतली आणि घोडीला कडुनिंबाभोवती चालवायला लागली. घोडीच्या पुढं नाही, मागं नाही, खांद्याला खांदा लावून, तिच्याकडं न बघता. घोडीनं मान वाकडी करून तिला हुंगलं. वर्षानं हुंगू दिलं. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर थांबून तिनं घोडीच्या हिरडीवर बोट दाबून पाहिलं, पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं.

"काय चारलं हिला?"

"म्या न्हाय चारलं. नवरदेवाच्या आत्यानं चारलं. परातभर बुंदी! म्हणं माझ्या भाच्याला पाठीवर घेतलंय, हिचंबी तोंड गोड करते."

"आन तुम्ही कुठं होता?"

"जेवाया बसलो होतो की."

"तुमच्या ताटातबी बुंदीच होती का?"

"व्हय," चाचा म्हणाले, आणि रडवेल्या तोंडानं हसले.

"टेम्पोत आडवी पडली तर सोलापूर गाठायची न्हाय, चाचा. आधी दुखणं थांबवते. तासाभरात फरक न्हाय पडला तर मीबी संगट येते. करू का?"

चाचा दगडावर बसले. मग त्यांनी डोक्यावरचा साफा काढून मांडीवर ठेवला. "कर," ते म्हणाले.

मानेत इंजेक्शन देऊन झाल्यावर वर्षा मला म्हणाली, "ताई, नाकातनं घालायची ती मोठी नळी कुठल्या खोक्यात?" मला आठवेना. इतकं नीट बांधलेलं मीच, आणि मलाच आठवेना. तिनं विळी घेतली आणि एकेक सुतळी कापली. तिसऱ्या खोक्यात नळी निघाली. नाकातून नळी आत गेली, मी स्टुलावर उभी राहून नरसाळं उंच धरलं आणि तिनं तेलासारखं औषध ओतलं. निम्मं औषध आमच्या अंगावर आलं. मग पुन्हा चालवणं. आई दारात उभी, चाचा दगडावर, मी नरसाळं धरून उगाचच. मी वर्षाच्या पाठीकडं बघत होते. तिला आबांसारखं बसता येत नाही, तिला चालावं लागतं. पण घोडीचे कान हळूहळू सैल होत होते.

मग रेशमा थांबली, शेपूट उचललं आणि लीद टाकली.

"टाकली!" चाचा ओरडले. "या अल्ला, टाकली!" आईनं दोन्ही हात जोडले. एवढ्याशा लिदीला कुणी असा मान दिलेला मी जन्मात पाहिला नव्हता. चाचा उठून वर्षापाशी आले. "तुझ्या बाबानं हे कधी तरी म्हणलं होतं मला," ते म्हणाले. "'घोड्याचं म्या वर्षाला शिकवलं न्हाय, तिचं तिनंच बघून घेतलंय.' पण म्याच ध्यानात ठेवलं न्हाय." एवढं बोलले, आणि रेशमाची दोरी काही त्यांनी परत मागितली नाही. अंधार पडेस्तोवर ती वर्षाच्याच हातात राहिली.

मी वर्षाला मिठी मारायला पुढं झाले तर ती एक पाऊल मागं सरली. दोन्ही हात, तेलानं आणि लाळेनं माखलेले, अंगापासून लांब धरून ती म्हणाली, "हात न्हाय लावत. कपडे चांगले हायत तुझे."

फाट्यावरची ती दुपार तिला आठवत होती की नाही, मी विचारलं नाही. त्या वेळी मी बसमध्ये चढले होते. या वेळी मी तिचे हात तसेच धरले आणि तोंडाला लावले. तोच घोड्याचा वास होता.

जेवताना आईनं विचारलं, "मग पुण्याच्या बाईंना काय सांगायचं?"

वर्षा भाकरी मोडत म्हणाली, "ताईला सांगू दे. ओळख तिची हाय." मग मीच बाईंना कळवलं, वर्षा येत नाही. खोकी पुन्हा बांधली नाहीत. निघायच्या आधी मी वर्तमानपत्रं सोडून एकेक वस्तू फळीवर परत लावली, आबा लावत तशी नाही, वर्षानं सांगितली तशी.

माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना हे ठाऊक असेल. आपण घर मनात घेऊन फिरतो असं पुस्तकांत लिहिलेलं असतं, आणि मी पुष्कळ वर्षं ते मानलं. आता मानत नाही. आमचा देव दोन गावांत राहू शकतो, कारण तो नसतानाही त्या-त्या गावात रोज कुणीतरी दिवा लावतं. दवाखान्याला मी कुलूप लावून आले असते, तर मला एकच गाव उरलं असतं.

रविवारी मी फोन लावते तेव्हा वर्षा बहुधा कामात असते. ती फोन दगडावर टेकवून ठेवते आणि जाते. मला कडुनिंबाची एक फांदी दिसते, पत्र्याची कड दिसते, कधी एखाद्या घोड्याचे चार पाय येतात आणि थांबतात. इथं मर्फी आवाज ऐकून कान टवकारतो. आईनं वर्षाला दिलेला चहा त्या दगडावर गार होत असतो, माझा माझ्या हातात असतो. मी तो सावकाश पिते.