संवादाचे तत्त्वज्ञ

आमच्या सरांना अमरावतीत लोक तत्त्वज्ञ म्हणत, आणि सरही खुशाल म्हणवून घेत. माणसाने माणसाशी कसं बोलावं यावर त्यांचा जाडजूड ग्रंथ होता. मला मात्र त्यांनी दोन वर्षं वर्गात तोंड उघडू दिलं नाही.

एम.ए.च्या पहिल्या चर्चासत्रात मी एका जर्मन तत्त्वज्ञाच्या अखेरच्या वर्षांवर निबंध वाचत होतो. हिवरखेडहून नुकताच आलेलो. वाचता वाचता कागदावरची नजर सुटली आणि तोंडातून गावची बोली निघून गेली, "त्याले शेवटी कोणी इचारलंच नाही."

सर म्हणाले, "बसा. त्या बिचाऱ्याला हिवरखेडच्या बाजारात नेऊ नका." वर्ग खदखदून हसला. पुढे मी हात वर केला की सर खिडकीबाहेर बघत.

गेल्या वर्षी ते वारले. मी तोवर अकोल्यात तोच विषय शिकवत होतो. शोकसभेला माजी विद्यार्थी म्हणून मला बोलावलं. आधीच्या वक्त्यांनी त्यांचा पार ऋषी करून टाकला होता. मी तो प्रसंग जसाच्या तसा सांगितला आणि म्हणालो, "ग्रंथ चांगला आहे. माणूस तसा नव्हता."

सूत्रसंचालक माझाच वर्गमित्र. कानाशी येऊन पुटपुटला, "अबे, मेलेल्या माणसाले कावून सोलून राहिला?"

"जिता होता तवा त्यानं बोलू देल्लं काय मले?"

माइक बंद झाला.

बाहेर चप्पल घालताना सरांच्या मुलीने गाठलं. वाटलं, आता हिचंही ऐकावं लागणार. ती म्हणाली, "तुम्हाला निदान 'बसा' तरी म्हणाले. आईशी बाबा अकरा वर्षं बोलले नाहीत. चहा हवा असला की टेबलावर चिठ्ठी ठेवायचे."

"का?"

"तिने ग्रंथातली चूक दाखवली म्हणून."

मी परत आत गेलो. तिची आई, आमच्या काकू, पहिल्या रांगेत मांडीवर संयोजकांनी दिलेली शाल घेऊन बसल्या होत्या. शेजारी बसून विचारलं, "काकू, चूक कोणती होती?"

"लिवलं होतं, समोरचा गप बसला म्हंजे त्याले पटलं. मले तं कधीच पटलं नवतं, तरी मी गपच होती."

मग त्या थांबेचनात. प्रकरणामागून प्रकरण सोलत गेल्या, तेही खड्या आवाजात. मंचावरचा वक्ता अडखळला, मागून कोणी "शूऽ" केलं. काकूंनी वळूनही पाहिलं नाही.

गप्प बसण्याचं ते प्रकरण आमच्या अभ्यासक्रमात आहे. यंदा शिकवताना काकूंचं म्हणणं मी सविस्तर सांगितलं. सरांचं पाच मिनिटांत आटोपलं.