सातशेवीस क्रम

सुनेची नोकरी गेली तेव्हा मी परदेशात, श्रूजबरीला मुलाकडे येऊन वर्ष झालं होतं. दिवसभर घरात आम्ही दोघंच. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला हातघंटा वाजवायला दोन माणसं हवी होती. सुनेने स्वतःचं नाव दिलं आणि मला न विचारता माझंही. मी चौथी पास. इंग्रजी येत नाही म्हटलं, तर म्हणते, "बाबा, सहापर्यंत मोजता येतं ना? बास."

तिघांत सहा घंटा, प्रत्येकाच्या दोन हातांत दोन. गाणं-बिणं काही नाही. एक ते सहा ओळीने वाजवायच्या, मग दर फेरीला शेजारशेजारच्या घंटांनी जागा बदलायच्या. असे सातशेवीस क्रम होतात. एकही दोनदा न वाजवता सगळे संपवून परत एक-दोन-तीनवर यायचं. समोर कागद नाही. न थांबता वीसेक मिनिटं.

बाईने रेघा काढून दाखवल्या तेव्हा मला हसू आलं. गावाला आम्ही दोऱ्या धरून गोफ विणायचो, एकाने आतून जायचं, दुसऱ्याने बाहेरून, तेच हे. मला आठवड्यात जमलं. सुनेला महिना लागला, आणि हे मी तिला ऐकवलंही.

"बाबा, परत माझ्या जागेत घुसलात!"

"तुझ्या नावावर आहे का जागा?"

"आहे. चौथी माझी होती."

बाईला आमचं बोलणं कळायचं नाही. ती नुसतं बोट वर करायची: थांबा, पहिल्यापासून. इतकी वर्षं वाजवत होती, पण स्वतः पुढे राहून, बाकीच्यांना चालवत सातशेवीस तिने कधी पुरे केले नव्हते. आता घर विकलं होतं. महिनाअखेर फ्लोरिडाला मुलीकडे जाणार होती, आणि तिथे कोणी वाजवणारं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात जमलं. म्हणजे त्या दोघींना वाटलं. मध्येच कुठेतरी माझ्या डाव्या हाताची वाट उजवा चालायला लागला होता. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं. गोफात पाऊल चुकलं तर तेच पाऊल उलटं टाकतात, गोफ सुटतो. मी तसंच केलं, हात परत बदलले. बाईचे डोळे मिटलेले. शेवटी एक ते सहा बरोबर वाजल्या. बाईने पुरं वाजवलेलं लिहून ठेवायची तिची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

पण वाजलेलं ते वाजलेलं. मधले काही क्रम दोनदा झाले असणार, काही राहूनच गेले असणार. मी सुनेला सांगितलं.

"बाबा, प्लीज गप्प बसा. तिला कळलंसुद्धा नाही."

"मला कळलं ना. सांग तिला."

"मी नाही सांगणार."

मग मीच हातांची फुली करून दाखवली. "नो गुड. माय मिस्टेक."

बाईने वही मिटली. पेनाला टोपण लावलं. चहा केला. चहानंतर परत बसलो, तर पाचव्या मिनिटाला ती स्वतःच चुकली. "इनफ," म्हणाली आणि घंटा पुसून पेटीत ठेवल्या.

चार दिवसांनी सामानाचा ट्रक आला.  सून अजूनही म्हणते, "म्हातारीचा आनंद घालवलात." घालवला, नाही म्हणत नाही. पण वही तिची होती, आणि त्यात खोटं माझ्या हातून जाणार नव्हतं.