चार वाजताची सूचना

मागच्या रविवारी सून माझा फोन घेऊन बसली. माझ्या खात्यातून दर महिन्याला आपोआप काय काय कापलं जातं, ते तिला बघायचं होतं.

"बाबा, व्यायामाचं ॲप? तीन वर्षं भरताय! पोट तर आहे तिथंच आहे."

मी हसलो. ते बंद झालं, गाण्यांचं बंद झालं, कधीच न उघडलेलं एक मासिकही बंद झालं. मग ती थांबली. "आणि हा कॅमेरा कुठला?"

नेरूळच्या फ्लॅटमधला. माझी थोरली बहीण तिथं एकटी राहायची. ती एकदा पडली, तेव्हा मी तिच्या हॉलमध्ये कॅमेरा लावला. खारघरहून नेरूळ लांब नाही, पण कॅमेरा लागला आणि माझं जाणं कमी झालं. तिथं काही हललं की फोनवर सूचना यायची. पंधरा दिवसांत मला त्याची कटकट झाली. सूचना बंद करून टाकल्या. ताईला जाऊन सव्वा वर्ष झालं. फ्लॅटला कुलूप आहे. कॅमेरा आणि तिथलं इंटरनेट मात्र माझ्या कार्डावर चालूच राहिलं.

तेराव्याला भाचीनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मामा, त्या दिवशी आईला पाहिलं होतंत ना?"

"पाहिलं ना. चार वाजता चहा पीत होती. अगदी ठीक होती."

मी पाहिलं नव्हतं.

सुनेनं ॲप उघडलं. रोज दुपारी चारचं चित्रण. ताई तिपाई ओढून कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसायची. चहाचे दोन कप. एक स्वतःपुढे, एक कॅमेऱ्यापुढे. "घे, निवतोय," म्हणायची आणि मग शेजारपाजारचं सांगत राहायची.

शेवटच्या दिवशीही चार वाजलेले. तिपाईवर दोन कप. खुर्ची रिकामी. खालून, फरशीवरून आवाज येतो, "अरे, बघतोयस ना?" थोड्या वेळानं पुन्हा तेच.

त्यानंतरचीही चित्रणं होती. कुलूपबंद घरातली, रोज चारची. बाल्कनीतलं ऊन रिकाम्या खुर्चीवर चढतं, उतरतं. उन्हामुळेच कॅमेरा जागा होत असणार. पण ढगाळ दिवसांचीही आहेत.

"बंद केलं की मागचं सगळं पुसलं जाईल, बाबा," सून हळूच म्हणाली. "मग कुणालाच काही कळणार नाही."

मी फोन परत घेतला. भाचीला पासवर्ड पाठवला. खाली लिहिलं, 'मी त्या दिवशी पाहिलं नव्हतं. तेराव्याला खोटं बोललो.'

तिचं उत्तर आलेलं नाही.

सूचना मी पुन्हा चालू केल्यात. आज थर्मास घेऊन नेरूळला गेलो. ताईच्या दारासमोर किल्ली शोधत होतो, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. सूचना होती: 'हालचाल दिसली.' चार वाजले होते. बाहेर आभाळ भरलेलं होतं, आणि कुलूप अजून लागलेलंच.

आत गेलो. दोन कप भरले. एक कॅमेऱ्यापुढे सरकवला, आणि भाची बघत असेल असं धरून पहिल्यापासून सांगायला लागलो.